बोटीवरची

"पुन्हा सांगा, आडनाव काय म्हणालात?"

"धाकू," ते म्हणाले. "बाळाराम धाकू. मॉरिशस देशाहून आलो आहे, भगिनी."

भगिनी! उभ्या आयुष्यात मला कोणी भगिनी म्हटलं नव्हतं. मी उंबऱ्यात उभी, हातात अर्धा चिरलेला दुधी, आणि खाली पायरीशी हा सत्तरीचा माणूस. पांढरी पँट, डोक्यावर गवताची हॅट, रंग आमच्या इथल्या खलाशांसारखा रापलेला, आणि बोलणं शाळेच्या पुस्तकातलं. मागे देवगडहून आणलेली रिक्षा थांबलेली.

मी त्यांना आत या म्हटलं नाही. आता तुम्ही म्हणाल, कोकणात दारी आलेल्याला कोणी असं पायरीवर ताटकळत ठेवतं का? ठेवतं. अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेली बाई ठेवते. ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मी बेचाळीसची होते आणि जगात माझा भरवसा फक्त दोघांवर होता, एक आमचा गावदेव वेतोबा आणि दुसरे आमचे वकील. वकिलांवरही अर्धाच.

खाजणवाडीतलं आमचं घर, मागची माडांची बाग आणि डोंगराकडची आंब्याची कलमं, सगळं धाकू तांडेल या आमच्या मूळपुरुषाकडून आलेलं. आमचे लांबचे चुलत दीर अनंता, त्यांनी दावा लावला की धाकूचे वारस काही तुम्ही एकटेच नाही. अकरा वर्षं मी कागदावर कागद काढत राहिले. धाकूला एकच मुलगा, त्याची एकच शाखा आणि ती म्हणजे आमचे हे, असं शपथेवर सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी निकाल आमच्या बाजूनं लागला होता. अनंता अपिलात गेला होता. आणि आता हा माणूस नाव सांगत होता धाकू!

"शालन, कोण गे?" आतून आमचे हे आले. हे मच्छीमार सोसायटीत कारकून. स्वभावानं असे की चोर आला तर त्याला आधी पाणी देतील, मग विचारतील काय काय न्यायचंय. "अरे, उभे कित्याक? बसा, बसा!" म्हणत यांनी पाहुण्याचा हात धरून ओटीवर आणलं. पाट काय मांडला, गूळपाणी काय आणलं! मी दुधी तसाच ठेवला आणि खांबाला टेकून उभी राहिले.

"पासपोर्ट आहे?" मी विचारलं.

"शालन!" हे म्हणाले.

"असू द्या," पाहुणे हसले आणि खिशातून पासपोर्ट काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो पानन् पान उलटून पाहिला. नाव बरोबर, फोटो बरोबर, देश बरोबर. एवढं सगळं बरोबर असतं तिथंच घोळ असतो, हे मी कोर्टात शिकले होते.

"मराठी कुठे शिकलात?"

"आमच्या बेटावर, संध्याकाळच्या वर्गात. आमचे पूर्वज मराठी होते. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर होतो. निवृत्त झाल्यावर मला एकच काम उरलं. धाकूला शोधायचं."

"कोण धाकू?" मी विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला.

त्यांनी जे सांगितलं ते असं. १८५९ सालच्या फेब्रुवारीत मुंबईहून एक जहाज मजूर घेऊन मॉरिशसला निघालं. आपली जुनी माणसं त्या बेटाला मिरीच म्हणत. ऊस तोडायला पाच वर्षांच्या करारावर माणसं नेत. त्या जहाजावर धाकू नावाचा चोवीस वर्षांचा गडी आणि त्याची बायको चढली. मुंबई बंदरात गोदीचं काम मिळेल म्हणून कोणी मुकादमानं त्यांना गावाहून नेलं होतं. अंगठा उठवला, आणि मग कळलं की काम मुंबईत नाही.

"आमच्याकडे त्या काळच्या नोंदवह्या आहेत," ते म्हणाले. "प्रत्येक माणसापुढे तीन घरं आहेत. जहाजावर चढला, वाटेत मेला, बंदरात उतरला. धाकूपुढे 'चढला' असं लिहिलं आहे. बाकी दोन्ही घरं कोरी. मेला नाही, उतरलाही नाही. त्याची बायको एकटी उतरली. तिच्या पोटात मूल होतं. पुढे मूल झालं तेव्हा मळ्यावरच्या साहेबानं बापाचं नाव विचारलं. तिनं धाकू सांगितलं. तेच आमचं आडनाव झालं. लोक तिला हसत. म्हणत, बाप कुठे आहे तो? दाखव की."

"मग? माणूस गेला कुठे?" आमच्या ह्यांनी विचारलं. हे पुढे सरकून बसले होते. मला यांचा असा राग आला!

"तेच विचारायला आलो. नोंदवहीत गावाचं नाव आहे, खाजणवाडी." त्यांनी हॅट मांडीवर ठेवली. "माझी थोरली बहीण पार्बती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर म्हणाले, दिवस थोडे आहेत. ती मला म्हणाली, बाळा, जाऊन ये आणि मी मरायच्या आधी मला सांग, धाकूचं काय झालं. दुसरं मला काही नको."

बहीण, अंथरूण, थोडे दिवस! कोर्टात असे किती म्हातारे-कोतारे मी पाहिले होते. अनंतानं एकदा खोकणारा साक्षीदार आणला होता, तो बाहेर येऊन टपरीवर भजी खात होता.

"अनंता तांडेलांना ओळखता?" मी एकदम विचारलं.

"कोण अनंता?"

लगेच उत्तर. जरासुद्धा विचार केला नाही. माझा संशय आणखी बळावला.

आमचे हे खाकरले. "धाकू म्हणजे आमचो..." असं यांनी तोंड उघडलं मात्र, मी म्हटलं, "अहो, पाहुण्यांना शहाळं काढा आधी. उन्हातून आलेत. उठा!" हे उठले. माझा आवाज यांच्या चांगला ओळखीचा होता.

हे मागे गेले आणि मी पाहुण्यांच्या समोर बसले. शांतपणे म्हटलं, "हे पाहा, तुम्ही लांबून आलात, वाईट वाटतं. पण धाकू नावाचं कोणी आमच्या घराण्यात झालेलं नाही. गावात विचारायचं तर विचारा, पण दीडशे वर्षांपूर्वीचं कोण सांगणार? बोटीवरून पडला असेल. बुडाला असेल. समुद्र तो समुद्रच."

"बुडाला," ते म्हणाले.

त्यांचं तोंड एवढंसं झालं. हॅटच्या काठावरून ते बोट फिरवत राहिले. मला वाटलं, डाव फसला म्हणून पडलं तोंड. मनात म्हटलं, बरी जिरली.

शहाळं पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या मी तुमच्या किनाऱ्यावर त्याच्या नावानं पाणी सोडलं तर चालेल? आमच्या घरात आजवर कोणीच सोडलं नाही. त्याच्या बायकोनंच मना केलं होतं."

"समुद्राक कोण नाय म्हणतलो?" हे म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "पण उपाशी जावचा नाय हां. उद्या दुपारी आमच्याकडे जेवूक येवा."

मी डोळे वटारले, खांबावर बोटांनी वाजवलं, पण निमंत्रण तोंडातून गेलं ते गेलं. आमच्याकडे दिलेलं जेवण मागे घेत नाहीत.

रिक्षा वळणाआड गेली आणि मी यांच्यावर तुटून पडले. "उद्या काय आहे ठाऊक आहे ना? नवमी! सगळं त्याच्या डोळ्यांसमोर करायचं का?"

"तू खोटा बोललंस," हे एवढंच म्हणाले.

"बोलले! फसवायला आलेल्याशी खरं बोलायचं असं कुठे लिहिलंय? तो उद्या तलाठ्याकडे जाऊन उभा राहिला म्हणजे? अनंताला आयतं कोलीत! धाकूच्या थोरल्या बायकोचा वंश म्हणून वर आपल्या डोक्यावर बसतील. मग या ओटीवर बसून तुम्ही त्यांना शहाळी द्या, हं? घर त्यांचं, शहाळी त्यांची."

"तो तसो दिसणा नाय."

"दिसायला कोणीच दिसत नाही!"

हे उठून मागच्या बागेत गेले. आमच्या पंचवीस वर्षांच्या संसारात हे माझ्याशी खोटं बोलले नव्हते आणि दुसऱ्या कोणाशीही नाही. सोसायटीच्या वहीत मासळीचं वजन पावशेरानं चुकलं तर हे पुन्हा जाऊन दुरुस्त करून येत. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक.

नवमीचं सांगते. पितृपक्षात जी नवमी येते ती अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, कुंकवानिशी गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी मांडतात, तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात, हिरव्या बांगड्या आणि खण देऊन ओटी भरतात. नवरा वारला की पुष्कळ घरांत हे बंद होतं. आमच्या घरात झालं नाही. धाकूनं मरताना मुलाच्या हातावर पाणी घालून वचन घेतलं होतं म्हणे, की घर आहे तोवर बोटीवरचीचं पान चुकवायचं नाही. धाकूची पहिली बायको. ती बोटीवर मेली, एवढंच आम्हाला ठाऊक. नावही कोणाला माहीत नव्हतं. सासूबाईंनी मला सांगितलं ते इतकंच, "बोटीवरची म्हण, तिका पोचता."

म्हणजे बघा, आदल्या दिवशी पाहुण्यांनी "त्याची बायको एकटी उतरली" म्हटलं, तेव्हाच माझ्या अंगावर काटा आला होता. बोटीवर मेलेली बाई बंदरात उतरते कशी? पण मी तो विचार झटकून टाकला. म्हटलं, ही माणसं रचून आलेली आहेत. आणि पान चुकवायचं धाडस मात्र मला नव्हतं. भाऊबंदांशी मी भांडेन, मेलेल्यांशी कशी भांडू?

म्हणून बेत असा केला की सगळं लवकर उरकायचं. पाहुणे एक वाजता येणार. मी पहाटेपासून चुलीशी. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, भोपळ्याची भाजी. आणि दहालाच शेजारच्या चंपाला सवाष्ण म्हणून बोलावून आणलं. चंपा मेस्त्रीण म्हणजे तोंडाची फाटकी, पण मनात काही नाही. दर वर्षी तीच जेवायची.

"इतक्या सकाळी?" ती म्हणाली. "माका भूक तरी लागांदे गे!"

"लागेल. बस पाटावर."

माजघरात देव्हाऱ्याशी बोटीवरचीचं पान मांडलं, शेजारी चंपाचं. चंपाचे दोन वडे खाऊन झाले नाहीत तोच ओटीवर चपला वाजल्या. घड्याळात साडेदहा! मी बाहेर धावले तर पाहुणे ओले पाय झटकत उभे. किनाऱ्यावरून आलेले.

"मी लवकर आलो का? श्रीमानांनी मला साडेदहाला यायला सांगितलं."

मी यांच्याकडे पाहिलं. हे कौलांकडे बघत होते. काल रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा यांनी काय सांगितलं, ते मी यांना शेवटपर्यंत विचारलं नाही.

"बसा ओटीवर. आत जरा देवाचं चाललंय," मी दार लोटून घ्यायला गेले. पण दार लोटून चंपाचं तोंड थोडंच बंद होतं!

"कोण गे पावणो? येवंदे की आत!" ती आतूनच ओरडली. "अहो पावण्यांनू, आज हयसर धाकू आज्याच्या पयल्या बायलेचा पान आसा! बोटीर मेली ती गरीब. दर वर्सा तिच्या नावान मीच जेवतंय. बरा आसा, फुकटचे वडे!"

झालं, बिंग फुटलं! मग सुचलं, अरे, याला आमची मालवणी कुठे कळते? हा तर पुस्तकातलं बोलणारा. मी हसून म्हटलं, "काही नाही हो, शेजारीण आहे, गमती करते."

ते माझ्याकडे बघत राहिले. काल त्या डोळ्यांत आर्जव होतं, आज नव्हतं.

"माका कळला, बाय," ते म्हणाले. "माझी आजी असाच बोलायची."

असं म्हणून ते माझ्या बाजूनं सरळ माजघरात गेले. देव्हाऱ्याशी मांडलेल्या पानासमोर उभे राहिले. पानावरचे वडे, खीर, बाजूला हिरव्या बांगड्या, खण, कुंकवाची पुडी. चंपा घास हातात धरून त्यांच्याकडे आ वासून बघत होती.

"हे तिच्यासाठी?" त्यांनी विचारलं. आता पुन्हा पुस्तकातली भाषा. "ती बोटीवर मेली असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"धाकू आज्यानं," आमचे हे म्हणाले. दारात येऊन उभे होते. "त्यानंच सांगून ठेवलेला."

"ती मेली नाही. तिनं पंचेचाळीस वर्षं ऊस तोडला. मुलगा वाढवला. नातवंडं पाहिली. १९०४ साली मेली. तिचं नाव भागीरथी. घरात भागू म्हणत."

चंपानं हातातला घास पानात ठेवला. एकशे तीस वर्षं ज्या बाईला आम्ही जेवू घालत होतो, तिचं नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या आजेसासूबाईंनी तर कितीतरी वर्षं एका जितीजागत्या बाईचं पान मांडलं होतं.

मग ते माझ्याकडे वळले. "काल तुम्ही म्हणालात, धाकू नावाचं कोणी झालं नाही. का खोटं बोललात?"

माझी पंचाईत झाली, आणि पंचाईत झाली की मी चिडते. "बोलले! काय करू मग? तुम्हाला काय ठाऊक मी काय सोसलंय? अकरा वर्षं मी या घरासाठी कोर्टात उभी आहे. मुलाच्या परीक्षेला नव्हते मी, तारखेला होते! ज्याला त्याला या घरात हिस्सा पाहिजे. तुम्हीही धाकूचं नाव सांगत आलात. सांगा ना सरळ, काय पाहिजे तुम्हाला? बाग पाहिजे? कलमं पाहिजेत?"

"बाग?" ते म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर मला आता दिसलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भगिनी, मला तुमच्या माडाची झावळीसुद्धा नको. मला फक्त एक सांगा. तो घरी पोचला का?"

"म्हणजे?"

ते चंपाच्या समोर जमिनीवरच बसले. आणि त्यांनी सांगितलं ते त्यांच्या घरात बायकाबायकांतच सांगत आले होते. नोंदवहीत ते नव्हतं.

मुंबई सोडल्यावर तिसऱ्या दिवशी वारा पडला. जहाज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर थबकलं. सकाळी धाकू वर आला आणि त्याला समोर वेतोबाचा डोंगर दिसला. त्याचा स्वतःचा गाव. तो कठड्याला धरून लहान मुलासारखा रडायला लागला. घरी त्याची आंधळी आई एकटी होती. दोन महिन्यांत परत येतो म्हणून तिला सांगून आला होता. भागू घाटावरची, तिला पोहता येत नव्हतं. तिनं त्याला म्हटलं, तू जा. आईकडे जा. मी पाच वर्षांत येते. तो जाईना. तुला सोडून कसा जाऊ म्हणाला. तेव्हा पहारेकऱ्याची पाठ वळलेली बघून तिनं त्याला ढकललं.

"तिनं ढकललं?" चंपा म्हणाली.

"दोन्ही हातांनी. थोडा वेळ तिला त्याचं डोकं दिसलं. मग दिसेना. तेवढ्यात वारा सुटला आणि जहाज चाललं." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "पाच वर्षांनी करार संपला. परत जायचं जहाज मिळत होतं. ती आली नाही. ती म्हणे, तो पोचला नसला तर मी त्याच्या आईसमोर कुठल्या तोंडानं उभी राहू? तिचा मुलगा मी माझ्या हातानं पाण्यात लोटला. आणि तो पोचला असेल तर मला न्यायला येईल. म्हणून ती थांबली. कुंकू कधी पुसलं नाही. कुणी त्याच्या नावानं पाणी सोडू म्हटलं तर अंगावर जायची. पण मरताना तिनं आमच्या आजीला विचारलं, आजीनं माझ्या बहिणीला सांगितलं. ती विचारत होती, मी त्याला मारलं का गे?"

आता कळलं, काल मी "बुडाला असेल" म्हटलं तेव्हा त्यांचं तोंड का पडलं ते. माझ्या एका वाक्यानं मी त्या बाईला खुनी ठरवलं होतं, आणि आज सकाळी हा म्हातारा किनाऱ्यावर जाऊन त्याच पाण्यात पाणी सोडून आला होता. मला इतकी लाज वाटली की तिथंच जमीन दुभंगावी. मी पदर तोंडाशी धरून रडायला लागले. मी! अनंताचा वकील माझ्यावर ओरडायचा तेव्हाही मी रडले नव्हते.

"पोचला," मी म्हटलं. "पोचला हो तो! याच घरात राहिला. साठी उलटून गेला. आईला त्यानं सांभाळलं. आम्ही त्याचेच."

त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकले, जरा वेळानं ते उठले आणि पानासमोर त्यांनी डोकं ठेवलं. मग चंपाला म्हणाले, "जेवा, ताई. आता ते तिचंच पान आहे. तुम्ही थोडं लवकर मांडलंत, एवढंच." चंपा हसत हसत रडली, पण जेवली. मग आम्ही सगळे तिथंच जेवलो. हे पाहुण्यांच्या पानात वड्यांवर वडे वाढत होते आणि मी कोणाला नको म्हटलं नाही.

जेवणं झाली तसे पाहुणे म्हणाले, "पार्बतीला सांगायला पाहिजे. आत्ता." परदेशी फोन लागेल असा बूथ नाक्यावर एकच होता. आम्ही तिघे उन्हातून चालत गेलो. काचेच्या त्या खोक्यात दोघांचीच जागा, पण आम्ही तिघेही शिरलो. पाच-सहा वेळा फिरवल्यावर फोन लागला.

"पार्बती? पार्बती, तो पोचलो!" ते ओरडले. "पोचलो गे, घरी पोचलो! तिनं नाय मारल्यान!"

मग बारीक, फाटलेल्या आवाजात काहीतरी आलं. पाहुणे ऐकत राहिले. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि मला विचारलं, "ती विचारते, किती वर्षं वाट पाहिली त्यानं भागूची?"

उत्तर मला तोंडपाठ होतं. परसातल्या विहिरीच्या दगडावर कोरलेलं आहे, मुलगा झाला म्हणून धाकू तांडेलानं ही विहीर बांधली, शके १७८२. त्या दगडाचा फोटो मीच कोर्टात लावला होता. इंग्रजी साल १८६०. म्हणजे भागू मिरीचला उतरली त्याला वर्ष होतं न होतं, तोवर इथे दुसरं लग्न होऊन पाळणाही हललेला. पोहून वर आला, बोटीवर मेली म्हणून सांगितलं आणि मोकळा झाला. तिकडे तिचं पोर रांगत असेल.

"बारा वर्षं," मी म्हटलं.

त्यांनी फोनवर सांगितलं. पुन्हा बारीक आवाज आला. "ती म्हणते, घरातल्या बाईशी बोलायचं आहे." आणि रिसीव्हर माझ्या हातात आला.

"खरा गे बाय?" म्हातारी विचारत होती. समुद्रापलीकडून, अगदी आमच्या चंपासारखं. "माका बरा वाटाक सांगतंस, की खरा?"

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, मरणाच्या दारात, आणि तिला माझा संशय आलेला. यायलाच हवा होता.

"देवाशपथ खरं, आजी," मी म्हटलं. "वेतोबाशपथ. बारा वर्षं त्यानं लग्नाचं नाव काढू दिलं नाही."

तिचा विश्वास बसला की नाही कळेना. मी यांच्याकडे पाहिलं. तो दगड यांनी लहानपणापासून रोज पाहिला होता. पावशेर मासळीसाठी उलटपावली जाणारा हा माणूस आता काय बोलेल, देव जाणे. यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, घसा साफ केला आणि सोसायटीत वजन सांगतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "आजी, मी धाकूचो पणतू बोलतंय. बारा नाय, तेरा वर्सां. हिका नीट म्हायत नाय."